वॉटर कूलिंगचं टेम्परेचर बघताय तर खोलीचं पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडंच आता पोरं स्वतः कॉम्प्युटर असेंबल करायला लागलीत आणि त्यातली काही थेट कस्टम वॉटर कूलिंगपर्यंत पोचलीत, म्हणजे मशीन पाण्यानं गार ठेवायला पंप, रेडिएटर, ब्लॉक (चिपवर बसणारा धातूचा ठोकळा, ज्याच्या आतनं पाणी जातं), पाइप सगळं सुटं आणून आपल्या हातानं जोडायचं. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, माझं मशीन असंच आहे, त्यामुळं ही पोरं माझ्याकडं येतात आणि प्रश्न ठरलेला, "दादा, एवढा खर्च करून पण प्रोसेसर 90 डिग्री दाखवालाय, काय चुकलं?" बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. पण हे मराठीत नीट समजावून सांगणारं फार कमी मिळतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, शक्यतो काटछाट न करता छापा ही विनंती.

पाणी स्वतः काही गार करत नाही. ते प्रोसेसरच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या चिपवरची उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथं पंखे ती खोलीतल्या हवेत सोडतात, एवढंच त्याचं काम. त्यामुळं रेडिएटर कितीही मोठा लावा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होणार नाही. आता यूट्यूबच्या व्हिडिओत जो माणूस 65 डिग्री दाखवतो तो बसलाय 20-21 च्या एसी खोलीत, आणि आपला पोरगा मे महिन्याच्या दुपारी अथणीत पत्र्याखाली, दोघांचे आकडे जुळणार कसे?

म्हणून नेहमी तीन आकडे एकत्र घ्यायचे, रेडिएटरमध्ये शिरणारी हवा, पाणी आणि चिप. पूर्ण लोडवर, म्हणजे मशीन जड काम करत असताना, पाणी हवेपेक्षा 10 डिग्रीनं जास्त असेल तर उत्तम, 15 पर्यंत पण काळजी नको. 20 च्या वर गेलं की रेडिएटर कमी पडतोय, पंखे हळू आहेत किंवा धूळ बसलीय. पाणी आणि चिपमधला फरक ही वेगळी गोष्ट, ती ब्लॉक, पेस्ट (चिप आणि ब्लॉकच्या मधे लावतात ती) आणि ती चिप स्वतः यांच्यावर ठरते. माझ्याकडं एप्रिलमध्ये लग्नसराईचं रेंडरिंग (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल काढणं) चालू असताना खोली 33, पाणी 44, प्रोसेसर 88, आणि जुलैत पाऊस लागला की त्याच कामाला खोली 23, पाणी 34, प्रोसेसर 78. मशीन तेच, पेस्ट तीच, आकड्यांमधले फरकही तेवढेच.

आता पाणी 44 ला आणि प्रोसेसर 88 ला, हे पोरांना पटतच नाही. आजकालच्या रायझनमध्ये, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरमध्ये, उष्णता तयार होते ती जागा करंगळीच्या नखाएवढी, तिच्यातनं दीड-दोनशे वॉट बाहेर पडायचे, वर धातूचं झाकण, त्यावर पेस्ट, मग कुठं ब्लॉक. एवढ्या अडथळ्यातनं येताना चाळीसेक डिग्री वाढणारच. एएमडीनं 2022 मध्ये रायझन 7000 आणलं तेव्हाच सांगितलं होतं की फुल लोडवर 95 पर्यंत जाणं हे डिझाइनमध्येच धरलंय. याउलट आरटीएक्स 4090 सारखं ग्राफिक्स कार्ड 450 वॉट खातं आणि वॉटर ब्लॉक लावला की निवांत 55-60 ला बसतं, कारण त्याची चिप कितीतरी मोठी आणि तिच्यावर झाकण नाही, ब्लॉक थेट चिपवर टेकतो. म्हणजे जास्त वॉटचं कार्ड गार आणि कमी वॉटचा प्रोसेसर गरम, यात बिघाड काही नाही.

दुसरं म्हणजे वेळ. प्रोसेसर लोड आल्याबरोबर सेकंदात उडी मारतो, पाणी मात्र बंबातल्या पाण्यासारखं सावकाश तापतं. स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि खोली लहान असेल तर अजून जास्त, कारण 500-600 वॉट खाणारं मशीन म्हणजे खोलीत तेवढ्या वॉटचा हीटरच चालू असतो, दार-खिडकी बंद असली की खोलीच चढत जाते आणि तिच्या मागोमाग पाणी. पाच मिनिटांची टेस्ट बघून "मस्त चाललंय" म्हणू नका, अर्धा तास तरी चालवा. पंख्यांचा वेग पण पाण्याच्या टेम्परेचरवर ठरवा, प्रोसेसरच्या टेम्परेचरवर ठरवला की ब्राउझर उघडला तरी भुर्र करून उठतात आणि लगेच बसतात, डोकं उठतं.

पाण्याच्या वाटेवर प्रोसेसर, कार्ड, रेडिएटर यातलं काय आधी काय नंतर जोडायचं यावर पोरं तासन् तास वाद घालतात. पाणी मिनिटाला तीन-चार लिटर फिरत असतं, एका फेरीत दोन-तीन डिग्रीचाच फरक पडतो, त्यामुळं जसा पाइप सोपा जाईल तसा जोडा. खानापूरकडची पोरं विचारतात पावसाळ्यात पाइपला घाम सुटेल का, तर नाही, पाणी खोलीपेक्षा कायम गरमच असतं. पाण्याची वरची मर्यादा मात्र पाळा, 45 च्या आत ठेवा, 60 च्या आसपास पीईटीजीचे (कडक पारदर्शक प्लॅस्टिकचे) पाइप मऊ पडायला लागतात आणि पंपालाही ते सोसत नाही.

निपाणीच्या एका पोराचं सांगतो. प्रोसेसर 95 ला जाऊन स्पीड कमी व्हायचा, एका दुकानदारानं ब्लॉक काढून पेस्ट बदलली, पैसे घेतले, फरक शून्य, परत बदलली, परत पैसे. खोलीचं टेम्परेचर कुणी विचारलं नाही, पाण्याचं मोजलं नाही. मोजलं तर पाणी खोलीपेक्षा 24 डिग्री वर. म्हणजे पेस्टचा संबंधच नाही, रेडिएटर बघायचा. पंखे काढले तर घराखालच्या गोडाऊनमधली तंबाखूची बारीक तपकिरी भुकटी रेडिएटरच्या पात्यांच्या फटीत ठासून बसलेली, उजेड पलीकडं दिसत नव्हता. मऊ ब्रश आणि ब्लोअर मारला, फरक 13 वर आला. त्या पोराचे फुकट गेलेले पैसे बघून मला खरंच राग आला.

हे टाळायला पाण्याचा एक सेन्सर पुरतो. बुचासारखा असतो, ब्लॉकच्या किंवा टाकीच्या रिकाम्या भोकात बसतो, दोन पिनांची वायर मदरबोर्डला किंवा फॅन कंट्रोलरला जाते, आणि रेडिएटरच्या किमतीपुढं त्याची किंमत काहीच नाही. पार्ट घेताना मदरबोर्डवर ही वायर जोडायची जागा आहे का तेवढं बघून घ्या.

आपल्या भागातल्या असेंबल करून देणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे, सेन्सर लावल्याशिवाय कस्टम वॉटर कूलिंग गिऱ्हाइकाला देऊ नका, आणि देताना अर्धा तास लोडवर चालवून हवा, पाणी, प्रोसेसर आणि कार्ड हे चार आकडे बिलावरच लिहून द्या. उन्हाळ्यात पोरगं तक्रार घेऊन आलं की ते बिल समोर ठेवून परत मोजायचं, आणि फरक वाढला असेल तरच मशीन खोलायचं.

आपला नम्र,
एक वाचक
शहापूर, बेळगाव