"बाजार भरलाय का, मॅडम?"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही ही ओरड वाचकांच्या पत्रांत अधूनमधून असतेच आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः नवी मुंबईत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि सातवीतलं पोरगं "आय ॲम गो" म्हणालं की माझ्याच पोटात गोळा येतो. पण त्यावर लोकांचा उपाय ठरलेला, इंग्रजी आणखी लवकर सुरू करा. अहो, पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं की! आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी गिरवायचो, आताचं मूल सातवीत येतं तोवर त्याची इंग्रजीची सहा वर्षं झालेली असतात. वर्षं कमी नाहीत हो, त्या सहा वर्षांत इंग्रजीतून कुणाला काही विचारायची गरजच त्याला एकदाही पडत नाही. प्रश्न पुस्तकात, उत्तर फळ्यावर, ते वहीत उतरवायचं आणि घरी पाठ करायचं. उत्तर बाईंना आधीच माहितीये हे पोरांना पक्कं माहीत असतं, मग बोलायचं कशाला?

गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. ठाण्याहून नवी मुंबईत येणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून काढल्या, त्याच्या दोन प्रती, पण एकीत निम्म्या वेळा गाळलेल्या आणि दुसरीत उरलेल्या निम्म्या. पोरांच्या जोड्या केल्या, पाठीला पाठ लावून बसवलं, कागद दाखवायचा नाही, मराठीत विचारायचं नाही. काम एवढंच, घणसोलीहून निघून सकाळी नऊच्या आत नेरूळला पोचायचंय, कुठली गाडी धरशील ते सांग. पहिली पाच मिनिटं नुसती खुसखुस. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, हजेरीला "प्रेझेंट मॅडम" एवढंच ज्याचं इंग्रजी, त्याला जोडीदाराने वाशीची गाडी सांगितली तसा तो ओरडलाच, "नो नो! वाशी ट्रेन नॉट गो नेरूळ! तुर्भे आफ्टर सानपाडा!" व्याकरणाच्या पेपरात याला भोपळा. पण माहिती शंभर टक्के बरोबर, तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याकडे जाते आणि नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे, रोज दारात लटकून जाणाऱ्या बापाच्या पोराला हे ठाऊक असणारच. मी त्याला मधेच तोडलं नाही. तास संपत आला तेव्हा फळ्यावर "द वाशी ट्रेन डझन्ट गो टू नेरूळ" लिहिलं आणि विचारलं, माझ्या नि तुझ्या वाक्यात फरक काय? "डझन्ट" त्याने लगेच पकडलं, "टू" पण पकडला, "द" राहिलाच. तो राहणारच, मराठीत त्या जागी काही नसतंच, मलाही अजून कधीकधी चकवतो.

आता खरी गंमत. या गोंधळात आमचे एक वरिष्ठ दारात येऊन उभे, "बाजार भरलाय का, मॅडम?" वही मागितली, वहीत त्या दिवसाचं काहीच नाही, झालं, मला पोर्शनची आठवण करून देण्यात आली. अठ्ठेचाळीस मुलं एकाच वेळी इंग्रजीत भांडत होती हे कुणाच्या कानावर गेलंच नाही, गेला तो फक्त आवाज.

आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, परदेशी फॅडही नाही. इंग्रजी कसं शिकवावं याचे भारतीय अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं दक्षिणेतल्या साध्या शाळांमधून हाच विचार राबवला, बेंगळुरू प्रकल्प म्हणून तो जगभर शिकवला जातो आणि आपल्याकडे डीएडला कुणी त्याचं नाव घेतलेलं मला तरी आठवत नाही. नियम शिकवायचे नाहीत, नकाशा, वेळापत्रक असं काहीतरी सोडवायला द्यायचं, भाषा त्या नादात येते. फक्त त्यांना पोरांच्या जोड्या, गट फारसे पसंत नव्हते, एक कोडं बाई सगळ्या वर्गासोबत सोडवणार आणि मग तसंच दुसरं मुलाने एकट्याने सोडवायचं, अशी त्यांची रीत. मी जोड्या लावते कारण आमची पोरं माझ्यासमोर जेवढी लाजतात तेवढी एकमेकांसमोर लाजत नाहीत.

लहान वर्गांना तर बोलायचीही घाई करू नये. "टच द डोअर", "पुट युअर बॅग अंडर द बेंच", बाईंनी सांगायचं आणि मुलांनी नुसतं करायचं, जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत, आणि दुसरीतलं पोरगं स्वतः बाई होऊन हुकूम सोडायला लागतं ते बघाच एकदा. उच्चारासाठी वहीची एक पट्टी फाडून ओठांसमोर धरायची. आपल्या "पेन"ला ती हलत नाही, इंग्रजांच्या "पेन"ला फडफडते, कारण त्यांच्या शब्दारंभीच्या प मधून हवेचा झोत येतो, जवळजवळ फ सारखा. अर्धा तास वर्गात पट्ट्याच पट्ट्या, हसून हसून पुरेवाट! यात स्मार्ट बोर्डही लागत नाही.

परीक्षेत भर लेखीवरच असतो हे मान्य, म्हणून आठवड्यातले दोनच तास मी असे घेते, बाकी धडे-प्रश्नोत्तरं चालूच. पालकांना मात्र एक सांगायचंय. सभेला येऊन वहीची पानं मोजू नका हो, त्या मोजणीच्या धाकानेच शिक्षक फळा भरत बसतात. त्यापेक्षा घरी पोराला विचारा, आज इंग्रजीत कुणाला काय विचारलंस? आणि हॉटेलांची जुनी मेनूकार्डं, वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातली इंग्रजी पत्रकं रद्दीत घालण्याआधी जवळच्या मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विचारून बघा. माझ्याकडची मेनूकार्डं तर "वेटर, देअर इज नो मिसळ!" करून करून फाटत आलीत.

आपली,
एक शिक्षिका, घणसोली