थ्रिलरमधलं खरं किती, तेवढं तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आजचा खून आणि जुन्या कवीची दंतकथा एकत्र गुंफणाऱ्या थ्रिलर्सवरचा लेख वाचला, आवडला, हा प्रकार मलाही जीव की प्राण आहे म्हणूनच लिहितेय. नुकतंच ख्रिस्तोफर मार्लो या जुन्या इंग्रज कवी-नाटककारावरचं असं एक पुस्तक रात्री दोनपर्यंत जागून संपवलं. लायब्ररीत खून, हस्तलिखित गायब आणि धागा थेट १५९३ पर्यंत जाऊन पोचतो. वेग मस्त आहे. पण त्यात मार्लो दारूच्या गुत्त्यात एका बाईवरून झालेल्या मारामारीत मरतो आणि हे इतिहास म्हणूनच सांगितलंय, तिथे मन खट्टू झालं.

कारण कागदोपत्री जे आहे ते याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे हो! ३० मे १५९३, लंडनजवळचं डेटफर्ड, एलिनॉर बुल नावाच्या विधवेचं घर. चार माणसं सकाळी दहाला भेटतात, जेवतात, बागेत फिरतात, संध्याकाळी पुन्हा जेवतात आणि मग बिल कोणी द्यायचं यावरून वाजतं, इंग्रम फ्रायझरची कट्यार मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसते. वय अवघं २९. सोबतच्या दोघांपैकी रॉबर्ट पोली सरकारचा हेर, आणि दहाच दिवस आधी मार्लोला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, रोज हजेरी लावायला सांगितलेलं! राणीच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) १६ पंच बसवले, स्वसंरक्षण ठरलं, महिन्याभरात फ्रायझरला माफी. हा रिपोर्ट तीनशेहून जास्त वर्षं सरकारी दप्तरात पडून होता, १९२५ मध्ये लेस्ली हॉटसन या अभ्यासकांनी तो उजेडात आणला. बाईवरून भांडण ही त्याआधीची ऐकीव गोष्ट.

आता बघा, त्या खोलीत काय झालं हे सांगणारे तिघंच, आणि चौथा मेलेला. कादंबरीकाराला अजून काय पाहिजे? तिघं खोटं बोलले असं रचा, मार्लो मेलाच नाही असं रचा, मी आनंदाने वाचेन, पण जो कागद आहे तोच बाजूला सारून ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून खपवू नका. अमेरिकन लेखक-कवी एडगर अॅलन पो यांच्या मृत्यूचंही तसंच, ३ ऑक्टोबर १८४९ ला बाल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत, अंगावर दुसऱ्याचेच वाटावेत असे कपडे, चार दिवसांत मृत्यू, कारण आजही नक्की नाही. तिथे आणखी मीठमसाला कशाला?

हे मनाला लागलं कारण माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये पुस्तकातली ती मारामारी जशीच्या तशी सांगितली, आणि वर्गात कोणीच अडवलं नाही, तिची चूक तरी काय, पुस्तकात तारखा होत्या, ठिकाण होतं, सगळं खरंच वाटत होतं.

म्हणून विनंती, अशा पुस्तकांचं परीक्षण छापताना दंतकथेतलं नोंदीत काय आहे आणि लेखकाने काय रचलंय हे दोन ओळीत लिहायला सांगा, आणि पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप आहे की नाही तेही. माझ्याकडच्या त्या पुस्तकात ती नाहीये, शेवटचं पान उलटून उलटून बघितलं.

आपली,
एक नियमित वाचक