साहेबाच्या ओट्यांची खरी तारीख : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

विजयदुर्ग किल्ल्यात दगडी ओटे आहेत. गावात त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे जागतिक हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुले येतात, भाषणे होतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण मांडून सूर्यावरचा हेलियम शोधला, अशी कथा सांगितली जाते. वर्तमानपत्रांतही ती तशीच छापून येते. मी या तालुक्यात शिक्षक होतो. मीही ती वर्गात वर्षानुवर्षे सांगितली.

आता तशी सांगवत नाही.

शंका प्रथम आली ती पावसामुळे. एका १८ ऑगस्टला आम्ही सगळे तटाच्या आडोशाला उभे होतो. समोरची वाघोटनची खाडीसुद्धा दिसत नव्हती. श्रावणातले आमचे आभाळ आम्हाला नवे नाही. घटकाभर ऊन पडते, पण त्या घटकेच्या भरवशावर सातासमुद्रांपलीकडून दुर्बिणी घेऊन कोण येईल? त्या दिवशी घरी आलो आणि वाचायला बसलो.

१८६८ साली लॉकियर बत्तीस वर्षांचे होते आणि लंडनमध्ये युद्ध खात्यात कारकून होते. ग्रहणाच्या दिवशी ते हिंदुस्थानात नव्हतेच. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन यांनी मछलीपट्टणमहून. सूर्याच्या कडेने उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश लोलकासारख्या यंत्रातून रंगारंगांत फाकवला तेव्हा त्यात एक पिवळी रेषा दिसली. चुलीत मीठ पडले की ज्वाळ पिवळी होते, तो सोडियमचा रंग. ही रेषा त्याच्या अगदी जवळची, पण त्याची नव्हे. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांचा प्रकाश पकडला. ग्रहणाशिवायही हे साधते हे जान्सेन यांनाही गुंटूरला उमगले होते. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे त्या पिवळ्या रेषेचा माग लॉकियर यांनी काढला आणि त्या अनोळखी मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले. पृथ्वीवर तो सापडला १८९५ मध्ये, रॅमसे यांना, एका खनिजात.

मग ओट्यांचे काय? साहेब आलाच नव्हता काय?

आला होता! हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले. त्याची सावली अरबी समुद्रावरून येऊन आमच्याच किनाऱ्यावर जमिनीला लागली. ते ग्रहण पाहायला सर नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते, ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक म्हणून जगभर नावाजलेले. सोबत मेल्पोमिनी ही ब्रिटिश युद्धनौका होती. तिचे कप्तान चिझम-बॅटन यांनी आपले अधिकारी आणि खलाशी वेधांच्या कामाला जुंपले. जी माणसे एरवी जहाज आणि तोफा सांभाळायची, त्यांना उपकरणे वापरायला शिकवले. भर दुपारी अंधार पडला, तो सुमारे दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी किती दिवस रंगीत तालमी झाल्या असतील! आणि खाली वाडीत त्याच वेळी ‘दे दान सुटे गिराण’ चालले असेल. कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर हेही या मोहिमेत होते. तिघांच्या नावाने विजयदुर्गच्या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. आमच्या गावाचे नाव त्याच्या शीर्षकात आहे, ‘विझियाद्रुग’ असे.

त्याच ग्रहणाच्या वेधासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच उतरले होते. म्हणजे एका पौषातल्या दुपारी कोकणच्या किनाऱ्यापासून घाटावरच्या माळापर्यंत महाराष्ट्रात जगातले नामांकित खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडे डोळे लावून बसले होते. हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

मंत्रिमहोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की आमच्या किल्ल्याची खरी गोष्ट कथेपेक्षा मोठी आहे आणि ती सरकारने लिहून लावावी. कथा चुकली यात गावाचा दोष नाही. साहेब आला, ग्रहण पाहिले, ओट्यांवर यंत्रे मांडली, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. पुढे कुणीतरी त्याला तीस वर्षे आधीची तारीख चिकटवली. माणूस तोच, किल्ला तोच, ग्रहण मात्र दुसरे.

लोकांच्या आठवणीला मी हलके लेखत नाही. याच किल्ल्याची दुसरी कथा पाहा. पाण्याखाली भिंत आहे, शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटत, असे आमचे म्हातारे दर्यावर्दी सांगायचे. शिकलेली माणसे ऐकून सोडून द्यायची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून पाहणी केली तेव्हा खरोखर दगडी बांधकाम मिळाले. तिथे लोक बरोबर होते. ते कळले कारण कुणीतरी तपासायला गेले. ओट्यांच्या वाट्यालाही तेवढी आस्था यावी.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, हे मला माहीत आहे. म्हणून कागद तुमच्या टेबलावरून दिल्लीला जाईल आणि तिथून परत येईल, ही भीतीही आहे. पण जुलै २०२५ मध्ये विजयदुर्गसह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता परदेशी अभ्यासक येतील. त्यांच्यापैकी कुणी आमच्या मुलाला विचारले, की लॉकियर १८६८ मध्ये इथे कसे असतील, तर त्या मुलाची मान खाली जाऊ नये. तुमच्या विभागाने पुढाकार घेऊन रॉयल सोसायटीचा तो अहवाल मिळवावा, पुरातत्त्व खात्याकडून ओट्यांचे मोजमाप करून त्याच्याशी ताडून पाहावे आणि मराठीत लिहिलेली एक नीट पाटी तिथे उभी करावी. अहवालाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी. ओट्यांवर झाडोरा माजतो, तो मुळासकट काढावा. मुळे सांध्यात शिरली की दगड धरत नाही.

१८ ऑगस्ट बंद करा असे मी म्हणत नाही. त्या दिवशी मुलांना गुंटूरची आणि त्या पिवळ्या रेषेची हकीकत सांगू. पण विजयदुर्गचा स्वतःचा दिवस २२ जानेवारी. तेव्हा कलमांना मोहोर असतो, आभाळ निरभ्र असते, दुर्बीण लावली तर खरोखर सूर्य दाखवता येतो. येत्या २२ जानेवारीला आपण यावे. भर दुपारी, ग्रहण लागले त्या सुमारास, आम्ही ओट्यांपाशी मुलांना घेऊन थांबू.

आपला,
देवगड तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक