लाओशी, तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत

आदरणीय लाओशी, म्हणजे आमच्या भाषेत ‘बाई’,

सादर नमस्कार.

प्राचीन चीनमधल्या एका कारकुनावरच्या माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण काल देऊन आले. तुमचे आभार चिनीत मानायला बसले, तर चार ओळींपुढे गाडी सरकेना. तुम्हीच सांगितलं होतंत, अडलं की आधी आपल्या भाषेत लिहून काढायचं. म्हणून हे मराठीत.

तुमच्याआधी मी मार्गदर्शनासाठी ज्या तिघांकडे गेले, त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. एकांनी विषय अर्धा ऐकून घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांनी ‘प्राचीन चिनी तुम्हाला झेपायची नाही, आजचं काहीतरी घ्या’ म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांनी सहा महिने नुसतं ‘पाहू’ केलं. मी काय शोधतेय हे तिघांनाही कळलं नाही, कारण माझं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही.

आणि मग वूहानच्या संग्रहालयात, प्राचीन मजकूर लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्यांच्या काचेसमोर तुम्ही भेटलात. मी मोडक्यातोडक्या चिनीत बोलत सुटले. सूर चुकत होते, शब्द सापडत नव्हते. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. चौकटीच्या वहीत माझं बोलणं उतरवत राहिलात, चुकलेले शब्दसुद्धा. मी थांबल्यावर पेन तसंच धरून विचारलंत, ‘अजून काही?’ होतं अजून. तेही लिहून घेतलंत. पहिला प्रश्न त्यानंतर केलात.

पुढे तुम्ही पट्ट्या वाचायला शिकवलंत, किती रविवार दिलेत, ते सगळं आहेच. पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते ‘अजून काही?’

मी ज्याच्या मागे होते तो शी नावाचा कारकून, प्राचीन चीनमधल्या छिन राज्याचा. नावाचा अर्थ आनंद. 1975 च्या डिसेंबरात युनमंगजवळ शुईहूदीला त्याची कबर सापडली, आणि तिच्यात त्याच्याभोवती रचलेल्या 1,155 पट्ट्या. बहुतेक कायदे आणि कचेरीचे दस्तऐवज. एका जुडीत मात्र वर्षवार टिपणं. इ.स.पू. 262 च्या ओळीत छिनच्या फौजेची एक स्वारी, आणि लगेच पुढे, बाराव्या महिन्यात कोंबडा आरवायच्या वेळी आपला जन्म. 260 ला ‘छांगफिंगवर हल्ला’. त्या लढाईनंतर छिनचा सेनापती बाय छी यानं शरण आलेले चार लाख सैनिक मारले, असं इतिहासकार सिमा छिएन लिहितो. टिपणात त्यातलं काही नाही. हल्ल्यापुढे एवढंच, की अकराव्या महिन्यात गान जन्मला. गान बहुधा त्याचा धाकटा भाऊ. ही ओळ तुम्ही काचेवर बोट ठेवून वाचून दाखवलीत, तेव्हा मला पुढचं काही दिसेना.

त्याचं आनलू गाव छू राज्याकडून जिंकून घेतलेल्या मुलखातलं. 244 ला तो कारकून झाला, 235 ला येन इथं खटले चालवू लागला, आणि 234 व 232 ला फौजेबरोबर गेला. 231 ला वडील गेले, 227 ला आई. मधल्या वर्षांत मुलं झाली. आयुष्यभर भोवती लढाई, आणि हा माणूस तारखा घालून घरचं टिपत राहिला.

त्याच्या पट्ट्यांत जबानी कशी घ्यावी याच्या सूचना आहेत. त्या मी आपल्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी वाचल्या. आधी समोरच्याचं सगळं म्हणणं ऐकावं आणि लिहून घ्यावं. तो खोटं बोलतोय हे कळलं तरी लगेच उलटतपासणी करू नये. सगळं सांगून झालं की मग अडलेल्या जागी विचारावं. मार न देता खरं काढणं उत्तम, मारून काढणं हलकं. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं. अहो लाओशी, हे तर तुम्ही माझ्याशी केलं होतंत!

याच सूचनांत मारझोडीलाही वाट ठेवली आहे. कोणी जबानी फिरवत राहिला, कबूल होईना, तर फटके द्यावेत, आणि तेही नोंदवून ठेवावं. छिनचे कायदे कठोर होते, त्यावर मला पांघरूण घालायचं नाही. तरीही अशा राजवटीत कुणालातरी ‘आधी ऐका’ हे लिहून ठेवावंसं वाटलं, आणि या माणसाबरोबर ते मातीत गेलं, याचं मला फार वाटतं. सौजन्य असंच कुठंही तग धरतं. कधी कचेरीत, कधी संग्रहालयात, गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र घातलेल्या एका निवृत्त शिक्षिकेजवळ.

तुम्ही वहीतलं ते पान फाडून मला दिलंत. ते माझ्या टेबलासमोर चिकटवलंय. खाली तुमच्या अक्षरात तारीख आहे. चुकलेल्या शब्दांखाली तुम्ही तेव्हा रेघ मारली नव्हतीत. आता मीच मारली आहे, पेन्सिलीनं. अकरा शब्द निघाले. येत्या दिवाळीनंतर वूहानला येतेय. ते अकराही तुमच्यासमोर नीट म्हणून दाखवणार आहे.

तुमची विद्यार्थिनी