कॅमेऱ्याची डायल ऑटोवरून हलवा

संपादक साहेब,

रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, फोटो बघितले की वाईट वाटतं, आपल्या इंदूरच्या पोरांकडे एवढे महागडे कॅमेरे पण डायल कायम ऑटोवर, मग राजवाड्यासमोर उडणारा गुलाल हललेलाच येणार ना! शटर प्रायॉरिटी लावा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते आपण ठरवायचं, डायलवर निकॉनला एस (S), कॅननला टीव्ही (Tv), स्पीड 1/1000 सेकंद ठेवा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं, ते कॅमेरा बघून घेतो. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत मात्र ॲपर्चर प्रायॉरिटीच बरी, तिथे उजेड कमी, लेन्सचं तोंड आपणच मोठं ठेवायचं. आणि मेनूत जाऊन मागच्या डायलला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं काम, देऊन टाका, पांढऱ्या कुर्त्यांवर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, फोटो काळपट येतो, तेव्हा व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता अंगठ्यानेच +1 करता येतं, ही सोय फार मोठी आहे. रविवारच्या पुरवणीत यावर एक पान द्याच.

— एक वाचक, इंदूर