बाबा, पहारा बदलू द्या

ती. बाबा आणि आई यांना
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरंय, बरंय" म्हणत फोन आईकडे देतात, आणि आई "जेवलीस का" विचारते. तिथे विषय संपतो. म्हणून लिहितेय. बाबांना चष्मा सापडत नसेल तर आईने मोठ्याने वाचावं, एकही ओळ न गाळता.

समोरच्या मामींचा फोन आला होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन बाबा घरी आल्यापासून तुम्ही कुणाचा डबा घेत नाही म्हणे. गल्लीतली पोरं व्यायामाला न्यायला गाडी घेऊन येतात, त्यांना दारातूनच परत लावता. रात्री सोबतीला झोपतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणालात. "आमचं आम्ही बघतो, लोकांना कशाला तरास."

मला हे ऐकून राग आला. ही भाषा आपल्या घरातली नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती, आणि 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला त्यांच्याखालीच हजारो माणसं गेली. आजी गेली, धाकटी काकू गेली. मी लहान होते, पण बाबांचा हरिपाठ बंद झाला होता हे मला पक्कं आठवतं. "आपण देवाला बुडवून आलो आन् त्यानं आपल्यालाच बुडवलं," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा बाबांनी त्याला गप्प केलं नाही. दुसऱ्या कुठल्याही वेळी केलं असतं.

भक्तीच्या बळावर तुम्ही तरलात असं पाहुणे म्हणतात. मला आठवतं ते थोडं वेगळं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दिवेलागणीची वेळ सगळ्यांना खायला उठायची. त्या वेळेला कुणीतरी ढिगाऱ्यातून काढलेले टाळ घेऊन बसायचं. बाबा मागे, खांबाला टेकून. गायचे नाहीत. त्यांना गा म्हणूनही कुणी म्हटलं नाही, फक्त रोज बसायला जागा ठेवली. परत गायला लागले ते कधी, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि आई, ट्रक भरभरून अनोळखी लोकांच्या भाकऱ्या यायच्या. कुठल्या चुलीवरच्या, कुणाच्या हातच्या, काही ठाऊक नाही. तू पदरात घेतल्यास आणि आम्हाला वाढल्यास. काकांच्या दोन्ही पोरांना भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिकायला नेलं, त्या 1200 लेकरांत. काकांनी तेव्हा "लोकांना कशाला तरास" म्हटलं असतं तर?

माणसं सगळीच साधू नसतात हे मला कळतं. डब्याबरोबर चौकशा येतात, "लेक का ठेवून घेत नाही पुण्याला" असली बोलणीही येतात. भूकंपात कुणी जात विचारून पाणी प्यायलं नाही. नव्या गावात घरं सिमेंटची झाली, रस्ते आखीव झाले, आणि कोण कुणाच्या घरचं पाणी पितं हे पुन्हा पाहिलं जाऊ लागलं. मी डोळे झाकून गावाचं कौतुक करत नाहीये. पण 52 गावं नव्या जागी उठून गेली, जुना शेजार मोडला, तेव्हा आपल्या गावात तो जोडला हरिनाम सप्ताहानेच. देऊळ व्हायच्या आधी सप्ताहाचा मांडव उभा राहिला होता.

त्या सप्ताहाचंच बोलते. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली टेकवायची नाही. पहारा संपला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो, तो वर्षानुवर्षं बाबांचा. पण बाबा, चार वाजता तुम्हीही ती काढून देतच होतात ना? पहारा संपल्यावर वीणा धरून बसलेला वारकरी मी तरी पाहिलेला नाही.

माझी श्रद्धा तुमच्याएवढी नाही, त्यावरून आपलं भांडणही झालंय. पण 2020 ला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा टीव्हीसमोर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पादुका तर पोहोचल्या होत्या. मग रडू कशाचं आलं? वाटेवर माणसं नव्हती, त्याचंच ना?

तर आता माझं ऐका. व्यायामाला पोरांच्या गाडीवर जायचं. ती तुमच्याच मांडवात पखवाज शिकलेली पोरं आहेत. डबा एक वेळचा घ्यायचा, आणि आई, रिकामा डबा परत देताना त्यात साखर-शेंगदाणे घालायचा तुझा हक्क कुणी काढून घेत नाहीये. रात्रीच्या सोबतीचं मी मामींशी बोलले आहे, त्यांचा नातू येईल. मोबाइल बघतो म्हणून त्याला बोलू नका.

दत्तजयंतीच्या सप्ताहाला मांडवात खुर्ची टाकतो असं मंडळी म्हणालीत. खुर्चीवर बसायला लाजू नका. रात्रीचा पहारा या वर्षी दुसरा कुणी घेईल.

येळवशीला, वेळ अमावस्येला, मी दोन दिवस आधी येते. शेत नसलेल्यांना हाताला धरून शेतातल्या कडब्याच्या कोपीवर जेवायला नेणारं आपलं घर, यंदा शेजारच्यांच्या कोपीवर जाईल. त्यांना मी हो म्हणून टाकलंय. भज्जीच्या शेंगा सोलत बसू नकोस आई, आंबील तेवढी तुझ्या हातची लागेल, त्यांनीच मागितली आहे.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ताई