कोर्टातल्या हेल्प डेस्कवरच्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण मावशी रोज म्हणते त्या पोरीला काहीतरी लिही, आणि तुमचा नंबर तर माझ्याकडे नाही, म्हणून इथेच लिहितोय, कोणीतरी पोचवेलच तुमच्यापर्यंत.

काका गेल्यावर सातबाऱ्यावर मावशीचं नाव लागावं म्हणून आम्ही तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, आणि नोटिशीच्या पंधरा दिवसांत दीरांनी हरकत घेतली. घरातले सगळे म्हणायला लागले की आता कोर्टकचेरी, आता जमीन विकूनच वकील करावा लागणार. एका वकिलांनी तर नुसती फाईल चाळायचेच एवढे पैसे सांगितले की मावशी तिथून उठलीच.

मग कोणीतरी १५१०० वर, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाईनवर, फोन करा म्हणालं, तिथून तालुका विधी सेवा समितीचं कळलं, आणि आम्ही आलो. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मावशी वॉकरवर. (न्याय सगळ्यांना म्हणायचं आणि जिना ठेवायचा, हे काय गणित आहे कळत नाही.) मी वर येऊन विचारलं तर तुम्ही फॉर्म घेऊन स्वतःच खाली आलात आणि मावशीच्या शेजारी बाकावर बसलात. मावशीला वाचता येत नाही, तर तुम्ही अख्खा अर्ज वाचून दाखवला, मग अंगठा घेतला. नाहीतर सगळीकडे आधी अंगठा मागतात.

तिने घाबरत घाबरत विचारलं, पेन्शन आहे थोडी, मग मला फुकट वकील मिळेल का? तुम्ही म्हणालात, मावशी, बाईला उत्पन्नाची अटच नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच लिहिलंय. उत्पन्नाचा दाखला काढायला मी अर्धा दिवस सेतूत घालवणार होतो, तेवढ्यात वाचलो. वर हेही सांगितलंत की टायपिंग, कोर्ट फी, नकला सगळं त्यातच येतं, पॅनलवरच्या, म्हणजे समितीच्या यादीतल्या, वकिलाने वेगळे पैसे मागितले तर सरळ आम्हाला येऊन सांगा, आणि वकील पटला नाही तर बदलून मागता येतो. हे शेवटचं तर मला वाटतं कोणालाच माहीत नसतं!

आणि खोटी आशा नाही दिलीत. लोकअदालतीत मिटलं तर त्यावर अपील नाही, म्हणून समजल्याशिवाय सही करू नका, दीर आलेच नाहीत तर जबरदस्तीने आणता येत नाही, हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत.

पण ते आले. वकील मॅडमनी समजावलं की नवऱ्याच्या हिश्श्यात बायको पहिल्या वर्गाची वारस असते, लेकरं असोत नसोत, आणि तासाभराची घासाघीस होऊन दीरांनी हरकत मागे घेतली. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला, आता सातबाऱ्यावर मावशीचं नाव आहे. वाटपाचं अजून बाकी आहे, बांधावरून तोंडं वाकडी आहेतच, त्याला तुम्ही तरी काय करणार.

मॅडमचे पण आभार, त्यांना सांगा. आणि आमच्या गल्लीतल्या अजून दोघीजणी येणार आहेत तुमच्याकडे, एकीचं पोटगीचं आहे, दुसरीचं तिच्याच तोंडून ऐका. पहिल्यांदाच येतायत, गेटवरच बावचळतील, जरा बघून घ्या.

तुमच्या मावशीचा भाचा